व्हिलांद्रीची गढी आणि तिचे उद्यान : पुरावा व पुनर्रचना यांचा एक विचार

१. प्रास्ताविक

फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यात इ. स. च्या १५ व्या व १६ व्या शतकांत जी भव्य निवासस्थाने उभी राहिली, त्यांना फ्रेंच भाषेत ‘शातो’ ही एकच संज्ञा आहे. मराठीत तिला नेमका प्रतिशब्द देणे सोपे नाही. ‘किल्ला’ म्हणावे, तर यांतील बहुतेक वास्तू युद्धासाठी बांधलेल्याच नाहीत. ‘राजवाडा’ म्हणावे, तर त्यांपैकी पुष्कळ राजांनी नव्हे, तर राजाच्या चाकरीतील अधिकाऱ्यांनी बांधल्या. गावाच्या कडेला असलेली, एके काळी तटाबुरुजांनी युक्त आणि पुढे एखाद्या घराण्याचे निवासस्थान झालेली वास्तू, या अर्थाने आपल्याकडील ‘गढी’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. प्रस्तुत लेखात तोच वापरला आहे.

अशा गढ्यांपैकी व्हिलांद्री येथील गढी तिच्या उद्यानामुळे जगप्रसिद्ध आहे. भाजीपाल्याच्या वाफ्यांना भूमितीय आकृत्यांचे रूप देणारे हे उद्यान ‘फ्रेंच प्रबोधनकाळाचे उद्यान’ म्हणून असंख्य पुस्तकांतून दाखविले जाते. वाचकाचा सहज असा ग्रह होतो, की १६ व्या शतकात कोणी कुशल माळ्याने हे वाफे आखले आणि ते आजतागायत जपले गेले. वस्तुस्थिती तशी नाही. आज जे उद्यान दिसते, त्याची मांडणी मुख्यतः इ. स. १९०८ ते १९१८ या दशकातील आहे. मग या उद्यानाला ऐतिहासिक म्हणावे काय? म्हणावयाचे असल्यास कोणत्या शतकाचे? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर गढीचा व उद्यानाचा इतिहास एकत्रच पाहिला पाहिजे. कारण एकाच संकल्पाच्या पोटी दोहोंचे आजचे रूप जन्मास आले आहे.

२. स्थळ व पूर्वेतिहास

व्हिलांद्री हे गाव तूर नगराच्या पश्चिमेस सुमारे १५ किलोमीटरांवर, शेर नदीच्या डाव्या तीरावर आहे. शेर व ल्वार या नद्यांचा संगम तेथून दूर नाही. गावाच्या दक्षिणेकडे जमीन टेकाडासारखी चढत जाते आणि उत्तरेकडे नदीचे सपाट खोरे पसरलेले आहे. चढती जमीन, तिच्या पायथ्याशी गढी व समोर नदीचा मोकळा प्रदेश ही भूरचना ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण पुढे उद्यानाच्या निरनिराळ्या पातळ्या याच चढावातून निर्माण झाल्या.

गावाचे मूळ नाव कोलोंबिए असे होते. या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘कबुतरखाने’ असा होतो. १७ व्या शतकात, गढीच्या मालकांना मार्की ही पदवी मिळाल्यानंतर, व्हिलांद्री हे नाव रूढ झाले. मध्ययुगात येथे एक दुर्ग होता. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री व फ्रान्सचा राजा फिलिप ओग्युस्त यांच्यात ४ जुलै ११८९ रोजी जो तह झाला, तो परंपरेने ‘कोलोंबिएचा तह’ म्हणून येथील दुर्गाशी जोडला जातो. इतिहासग्रंथांतून तो आझेचा तह या नावानेही येतो. या तहाने हेन्रीने आपला पराभव मान्य केला आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, ६ जुलै रोजी, शिनों येथे त्याचा अंत झाला.

त्या जुन्या दुर्गाचा बहुतेक भाग आज नाही. केवळ एक चौकोनी मनोरा नव्या गढीच्या मागील कोपऱ्याशी उभा आहे. नव्या गढीची नियमबद्ध दर्शने व हा जाड भिंतींचा ओबडधोबड मनोरा यांतील विसंगती पाहणाऱ्याच्या ताबडतोब लक्षात येते. बांधणाऱ्याने तो का ठेवला असावा, याचा विचार पुढे येईल.

३. ल ब्रतोंची गढी

इ. स. १५३२ मध्ये ही जहागीर झां ल ब्रतों याच्याकडे आली. तो राजा पहिला फ्रान्स्वा याच्या अर्थखात्यातील एक वरिष्ठ अधिकारी होता आणि शांबोर येथील राजाच्या प्रचंड बांधकामाच्या देखरेखीशी त्याचा संबंध होता. शांबोरनजीक व्हिलसाव्हाँ येथे त्याने स्वतःसाठी एक लहान गढी बांधविली होती. व्हिलांद्रीचे बांधकाम साधारणतः इ. स. १५३६ च्या सुमाराचे मानले जाते.

ल ब्रतोंचे हे बांधकाम एका व्यापक सामाजिक घटनेचा भाग आहे. शनोंसो येथील गढीचा कर्ता तोमा बोईए, आझे-ल-रिदो येथील कर्ता झिल बेर्तलो हेही राजाच्या अर्थव्यवहारातीलच अधिकारी होते. जुन्या सरदारवर्गाबाहेरून वर आलेल्या या नव्या धनिकांना जहागीर, गढी व तिच्याबरोबर येणारी प्रतिष्ठा हवी होती. ही प्रतिष्ठा किती अस्थिर होती हेही तत्कालीन घटनांवरून दिसते. राजाचा अर्थाधिकारी सांब्लांसे यास इ. स. १५२७ मध्ये फाशी देण्यात आले आणि बेर्तलोला आझे-ल-रिदोचे काम अपुरे टाकून पळून जावे लागले. अशा परिस्थितीत ल ब्रतोंने मध्ययुगीन मनोरा पाडला नाही, याचा अर्थ केवळ काटकसर असा करणे पुरेसे नाही. मनोरा हे जहागिरीच्या प्राचीनत्वाचे व तिच्या हक्कांचे चिन्ह होते. नव्या मालकाला त्या प्राचीनत्वाची गरज जुन्या सरदारापेक्षा अधिक होती.

गढीची रचना अशी आहे : मध्यभागी एक प्रशस्त चौक, त्याच्या तीन बाजूंना इमारतीचे तीन खण आणि चौथी, म्हणजे उत्तरेची, बाजू खोऱ्याकडे मोकळी. बांधकामासाठी तुरेन प्रांतातील ‘तुफो’ हा मऊ, पांढरा चुनखडी दगड वापरलेला असून छपरे उंच, उतरती व स्लेटच्या पाट्यांची आहेत. उभ्याआडव्या दगडी दांड्यांनी विभागलेल्या खिडक्या, त्यांच्या दोहों बाजूंस भिंतीतून किंचित उठलेले सपाट स्तंभ आणि छपरातून वर आलेली शिल्पयुक्त गवाक्षे यांनी दर्शनी भागाला एक संयत लय प्राप्त झाली आहे.

या गढीचे महत्त्व तिच्यात काय आहे यापेक्षा काय नाही यावरून अधिक स्पष्ट होते. तेथून जवळच असलेली आझे-ल-रिदोची गढी इ. स. १५१८ ते १५२७ या काळातील. तिच्या कोपऱ्यांवर गोल मनोरे आहेत, भिंतींच्या माथ्यावर दुर्गांतील जंग्यांची आठवण करून देणारी रचना आहे. संरक्षणाचा उपयोग संपला तरी त्याची चिन्हे अलंकार म्हणून टिकून राहिली आहेत. अवघ्या एका दशकानंतरच्या व्हिलांद्रीत कोपऱ्यांवरील ते मनोरे नाहीत. इटालियन कलेतून आलेला विपुल वेलबुट्टीचा अलंकारही येथे आवरलेला दिसतो. सरळ खण, स्पष्ट रेषा व उंच छपरे यांवर भर देणारी ही पद्धती पुढे १६ व्या शतकाच्या अखेरीस चौथ्या हेन्रीच्या काळात जी फ्रेंच शैली स्थिर झाली तिची पूर्वसूचना मानली जाते. ल्वारच्या परिसरात प्रबोधनकाळात बांधल्या गेलेल्या मोठ्या गढ्यांपैकी ही शेवटची, असेही म्हटले जाते.

तथापि ही नियमबद्धता काटेकोर नाही. बाजूचे दोन खण तंतोतंत समान नाहीत. मधल्या खणातील खिडक्याही अक्षावर नेमक्या बसत नाहीत. जुन्या पायांचे बंधन आणि बांधणाऱ्या गवंड्यांची प्रचलित रीत यांमुळे असे झाले असावे. पण यावरून एक गोष्ट लक्षात येते. पुढील काळात व्हिलांद्रीचे वर्णन ‘परिपूर्ण व्यवस्था’ असे जे केले गेले, ती व्यवस्था मूळ वास्तूपेक्षा विसाव्या शतकातील उद्यानात अधिक कठोरपणे पाळली गेली आहे.

४. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील स्थित्यंतरे

ल ब्रतोंच्या वंशजांकडे ही गढी दोन शतकांहून अधिक काळ होती. इ. स. १७५४ मध्ये ती कास्तेलान घराण्यातील एका सरदाराकडे गेली. हा गृहस्थ फ्रान्सचा वकील म्हणून तुर्की दरबारी राहिलेला होता. त्याच्या काळाची अभिरुची निराळी होती. १६ व्या शतकातील खोल्या थंड, अंधाऱ्या व गैरसोयीच्या वाटू लागल्या होत्या. त्याने अंतर्भागाची नव्याने मांडणी केली, लाकडी तावदानांनी आच्छादलेल्या भिंती, उबदार व प्रकाशमान दालने निर्माण केली. पुढील प्रांगणाच्या दोहों बाजूंस अभिजात शैलीतील जोडइमारती बांधल्या. आणि खिडक्या व दर्शनी भाग यांतही कालोचित बदल केले.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात गढी जप्त झाली व त्यानंतर तिचे मालक वरचेवर बदलले. १९ व्या शतकाच्या आरंभी काही काळ ती नेपोलियनचा भाऊ झेरोम बोनापार्त याच्याकडे होती. या शतकात उद्यानाचे रूप पूर्णपणे पालटले. त्या वेळी युरोपभर ‘इंग्रजी’ पद्धतीच्या उद्यानाची चाल पडली होती. सरळ रेषा व छाटलेली झाडे कृत्रिम व जुनाट वाटू लागली. वळणाच्या वाटा, हिरवळीचे उंचसखल पट्टे व मोकळी वाढलेली झाडे यांत निसर्गाचे सौंदर्य पाहिले जाऊ लागले. व्हिलांद्रीतील जुने भूमितीय उद्यान या नव्या रुचीला बळी पडले व गढीभोवती वृक्षांनी वेढलेला एक विस्तीर्ण ‘पार्क’ तयार झाला.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. विसाव्या शतकातील लेखकांनी या पार्कचे वर्णन विध्वंस असे केले आहे. परंतु १९ व्या शतकातील मालकाने जे केले, ते तत्त्वतः कास्तेलानने किंवा ल ब्रतोंने केले त्याहून वेगळे नव्हते. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचे काम पुसून आपल्या काळाचे काम केले. ‘जुने परत आणावे’ ही कल्पना मात्र खरोखर नवी होती आणि ती घेऊन जो मनुष्य व्हिलांद्रीस आला, तो वास्तुशास्त्रज्ञही नव्हता व माळीही नव्हता.

५. जोआकिम कार्व्हालो

जोआकिम कार्व्हालो याचा जन्म इ. स. १८६९ मध्ये स्पेनमध्ये झाला. वैद्यकाचे शिक्षण घेऊन तो पॅरिसला आला आणि प्रसिद्ध शरीरक्रियाशास्त्रज्ञ शार्ल रिशे यांच्या प्रयोगशाळेत संशोधन करू लागला. याच रिशे यांना पुढे इ. स. १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेथेच त्याची अ‍ॅन कोलमन या अमेरिकन विदुषीशी गाठ पडली. तीही विज्ञानाची अभ्यासक होती व पेनसिल्व्हेनियातील लोखंडाच्या उद्योगात संपन्न झालेल्या घराण्यातील होती. दोघांचा विवाह झाला. इ. स. १९०६ मध्ये त्यांनी व्हिलांद्रीची गढी विकत घेतली. ती त्या वेळी पाडली जाण्याच्या बेतात होती. कार्व्हालोने प्रयोगशाळेचा मार्ग सोडला आणि इ. स. १९३६ मधील मृत्यूपर्यंतचे उर्वरित आयुष्य या एका स्थळासाठी वेचले.

प्रथम त्याने गढीच्या दर्शनी भागांकडे लक्ष दिले. १८ व्या शतकातील फेरफार काढून टाकून १६ व्या शतकातील खिडक्या व रचना पुन्हा प्रकट करणे हे त्याचे उद्दिष्ट होते. मात्र अंतर्भागात त्याने निराळे धोरण स्वीकारले. कास्तेलानच्या काळातील दालने बहुतांशी राहू दिली. यामुळे आज व्हिलांद्रीची गढी बाहेरून १६ व्या शतकाची आणि आतून १८ व्या शतकाची दिसते. त्यात आणखी एक भर पडली. स्पेनमधील तोलेदो परिसरातील १५ व्या शतकातील एका प्रासादाचे छत विसाव्या शतकाच्या आरंभी सुटे करण्यात आले होते. लाकडाच्या सुमारे ३,६०० तुकड्यांचे, इस्लामी व ख्रिस्ती कलांच्या मिश्रणातून झालेले हे छत कार्व्हालोने आणून व्हिलांद्रीत बसविले. ल्वारकाठच्या फ्रेंच गढीत स्पॅनिश छत ही गोष्ट केवळ संग्राहकाची हौस म्हणून सोडून देता येईल. परंतु जो मनुष्य बाह्यांगावरील १८ व्या शतकाचा थर ‘परका’ म्हणून काढून टाकतो, तोच अंतर्भागात परदेशातील छत बसवितो, यावरून त्याच्या दृष्टीने ‘मूळ’ हा शब्द पुराव्याइतकाच आदर्शाचाही वाचक होता, हे उघड होते.

कार्व्हालोचा हा आदर्श काय होता? तो श्रद्धाळू कॅथलिक होता आणि समाजात, निसर्गात व कलेत श्रेणी व मर्यादा असली पाहिजे, असे त्याचे मत होते. मोकळ्या, ‘निसर्गसदृश’ पार्कमध्ये त्याला केवळ अभिरुचीचा दोष दिसत नव्हता. व्यवस्था नाकारणाऱ्या विचाराचे ते चित्र आहे, असे त्याला वाटे. म्हणून उद्यान पुन्हा रेखाबद्ध करणे हे त्याच्या लेखी नैतिक कार्य होते. त्या काळी फ्रान्समध्ये रेखाबद्ध उद्यानांच्या पुनरुज्जीवनाची चळवळ सुरू झालेली होती. आंरी व आशिल द्युशेन या पितापुत्रांनी ठिकठिकाणी १७ व्या शतकातील ल नोत्रच्या पद्धतीची उद्याने पुन्हा घडविली. कार्व्हालो त्यांच्याही मागे, ल नोत्रच्या आधीच्या शतकात, जाऊ पाहत होता. त्याच्यापुढील अडचण मात्र अधिक बिकट होती, कारण त्या शतकातील उद्यान फ्रान्समध्ये जमिनीवर शिल्लक राहिलेले फारच थोडे होते.

६. उद्यानाची रचना

चढत्या जमिनीनुसार उद्यानाचे मुख्य तीन स्तर आहेत. सर्वांत वर जलोद्यान, मधल्या पातळीवर, म्हणजे गढीच्या दालनांच्या समोर, शोभेचे उद्यान आणि सर्वांत खाली, गढी व गाव यांच्या मध्ये, भाजीपाल्याचे उद्यान. गढीच्या मनोऱ्यावरून पाहिले असता हे तिन्ही स्तर आणि त्यांच्या पलीकडील गावातले जुने चर्च एकाच दृष्टिक्षेपात येते.

जलोद्यानातील मोठा हौद १५ व्या लुईच्या काळातील आरशाच्या आकाराचा असून त्याभोवती हिरवळ व ओळीने छाटलेले लिंडेन वृक्ष आहेत. याची वृत्ती १८ व्या शतकाची आहे. येथील पाणी पुढे खालच्या स्तरांकडे जाते. संबंध उद्यानात लिंडेन वृक्षांची संख्या एक हजाराहून अधिक असून दर हिवाळ्यात त्यांची छाटणी करावी लागते.

शोभेच्या उद्यानात ‘बॉक्स’ या बारीक पानांच्या सदाहरित झुडपाच्या कुंपणांनी आकृत्या रेखलेल्या आहेत व त्यांच्या पोकळीत फुले लावलेली आहेत. त्यांपैकी चार चौकांना ‘प्रेमोद्यान’ म्हणतात. कोमल प्रेमाच्या चौकात हृदये व ज्वाळा, उत्कट प्रेमाच्या चौकात भग्न हृदयांची नृत्यासारखी गुंतागुंत, चंचल प्रेमाच्या चौकात पंखे व प्रेमपत्रे, आणि शोकांत प्रेमाच्या चौकात कट्यारी व तलवारींची पाती अशी ही योजना आहे. जवळच माल्टाचा, लांगदोकचा व बास्क प्रांताचा क्रूस यांच्या आकृत्या आहेत. या उद्यानाच्या आखणीत कार्व्हालोला अंतोनियो लोसानो हा स्पॅनिश चित्रकार व हाविएर दे विन्थुइसेन हा स्पॅनिश उद्यानकलावंत यांचे साहाय्य झाले.

व्हिलांद्रीची कीर्ती मुख्यतः भाजीपाल्याच्या उद्यानावर आहे. त्यात समान आकाराचे नऊ चौक असून प्रत्येकातील आकृती वेगळी आहे. निळसर पातीची लीक, तांबडी कोबी, बीट, गाजराचा हिरवा पाला यांच्या रंगांनी पट भरावा तसे हे चौक भरलेले असतात. वर्षातून दोनदा, एकदा वसंतात व एकदा उन्हाळ्याच्या आरंभी, नवी लागवड होते. रंगांची जुळणी करताना माळ्याला जमिनीचा कस राखण्यासाठी पिकांची फेरपालटही करावी लागते. त्यामुळे एकाच चौकाचे चित्र दोन वर्षे सारखे राहू शकत नाही. वाफ्यांच्या कडेला सरळ खोडावर वाढविलेले गुलाब आहेत. हे गुलाब म्हणजे वाफे खुरपणारे जुने संन्यासी होत, असे तेथे सांगितले जाते. मठांतील उपयुक्त मळा आणि इटलीतून आलेले कारंजी, लताकुंज व फुलांचे ताटवे, या दोन परंपरांचा येथे संगम आहे, असा कार्व्हालोचा सिद्धान्त होता.

७. पुराव्याच्या तीन श्रेणी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या उद्यानाचा कोणता भाग कशाच्या आधारावर उभा आहे? पुराव्याच्या बळानुसार त्याचे तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग जमिनीचा. चढावाच्या पातळ्या, त्यांना आधार देणाऱ्या भिंती, जमिनीत आढळलेले जुने अवशेष आणि १९ व्या शतकाच्या आरंभीचे जमीनमोजणीचे नकाशे यांवरून उद्यानाचा एकूण विस्तार व त्याच्या मुख्य मर्यादा निश्चित झाल्या. हा भाग सर्वांत भक्कम आहे. परंतु येथेही हे ध्यानात घेतले पाहिजे, की मोजणीचा नकाशा आपल्याला कास्तेलानच्या नंतरची स्थिती दाखवितो, ल ब्रतोंच्या काळची नव्हे.

दुसरा वर्ग सादृश्याचा. वाफ्यांचे चौकोनी विभाजन, लताकुंज व कारंज्यांची स्थाने यांसाठी कार्व्हालोने प्रामुख्याने झाक आंद्रुए द्यु सेर्सो याच्या कोरीव चित्रांचा आधार घेतला. फ्रान्समधील श्रेष्ठ वास्तूंचे त्याचे दोन खंड इ. स. १५७६ व १५७९ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्लुआ, गायों, ब्युरी इत्यादी ठिकाणची उद्याने त्यांत तपशिलाने दाखविली आहेत. परंतु द्यु सेर्सोच्या ग्रंथात व्हिलांद्रीचा समावेश नाही. म्हणजे कार्व्हालोने शेजारच्या घरांची चित्रे पाहून या घराची कल्पना केली. दुसरा आधार बेनेडिक्टिन मठांच्या चित्रसंग्रहाचा, परंतु ती चित्रे १७ व्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. ल ब्रतोंनंतर जवळजवळ दीडशे वर्षांची. शिवाय ऑलिव्हिए द सेर याने इ. स. १६०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृषिग्रंथात भाजीचे, फुलांचे, औषधींचे व फळांचे असे उद्यानाचे चार प्रकार मोजले आहेत. फुलांच्या ताटव्यांसाठी चितारलेली नक्षी भाज्यांच्या मळ्यावर चढविणे हा निर्णय त्यामुळे कार्व्हालोचा स्वतःचा ठरतो.

वनस्पतींचा पुरावाही याच दिशेने नेतो. उन्हाळी लागवडीत येथे टोमॅटो असतो. पण युरोपातील ग्रंथांत टोमॅटोचे पहिले वर्णन इटालियन वैद्य मात्तिओली याने इ. स. १५४४ मध्ये केले. मिरचीचे चित्र इ. स. १५४२ च्या फुक्सच्या वनस्पतिग्रंथात आहे व त्यात तिला चक्क कालिकतची मिरी म्हटले आहे. अमेरिकेहून आलेली आणि पोर्तुगीजांच्या द्वारे आपल्याकडेही पोहोचलेली ही वनस्पती त्या काळी युरोपीय पंडितास हिंदुस्थानचीच वाटली. दोन्ही ग्रंथ ल ब्रतोंच्या बांधकामानंतरचे आहेत. वांग्याची कथा याच्या उलट आहे. ते खरोखरच आपल्या बाजूचे असून फ्रेंचमधील ‘ओबेर्जीन’ हा शब्द अरबी व फारसी यांच्या द्वारे संस्कृत ‘वातिंगण’ या शब्दापर्यंत, म्हणजेच मराठी ‘वांगे’ याच्याही मुळापर्यंत, नेला जातो. तात्पर्य, व्हिलांद्रीचा मळा हा एका शतकाचा नसून अनेक शतकांच्या वनस्पतिसंचाराचा मळा आहे.

तिसरा वर्ग निर्मितीचा. प्रेमोद्यानाची चार चित्रे ही सरळसरळ विसाव्या शतकातील कलाकृती आहेत. त्यांत स्पॅनिश कलावंतांच्या हाताची खूण स्पष्ट आहे. त्यांना १६ व्या शतकाचे म्हणणे हा त्या कलावंतांवरही अन्याय होय.

संरक्षणशास्त्राने यासंबंधी पुढे काही दंडक घालून दिले. इ. स. १९६४ च्या व्हेनिस सनदेने, जेथे तर्काचा प्रांत सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, हे तत्त्व मांडले. ऐतिहासिक उद्यानांसंबंधी इ. स. १९८१ मध्ये फ्लॉरेन्स येथे जी सनद तयार झाली, तिने एका बाजूने उद्यान हे सजीव, नश्वर व नव्याने घडू शकणारे स्मारक आहे, हे मान्य केले; पण दुसऱ्या बाजूने, जे उद्यान पूर्णतः नष्ट झाले आहे वा ज्याच्याविषयी केवळ तर्काचाच पुरावा आहे, त्याच्या पुनर्रचनेस ऐतिहासिक उद्यान म्हणता येणार नाही, असेही बजावले. या कसोटीवर व्हिलांद्रीचा पहिला वर्ग उतरतो, दुसरा डळमळतो व तिसरा उतरतच नाही.

८. समारोप

तरीही एवढ्यावर निकाल देऊन थांबणे योग्य होणार नाही. कार्व्हालोचे उद्यान आता स्वतःच शंभर वर्षांहून जुने झाले आहे. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे युरोपातील एका वर्गाला भूतकाळाची जी ओढ लागली होती, व्यवस्थेविषयी जी आस्था वाटत होती, तिचा इतका पूर्ण व सुस्थितीत असलेला पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. इ. स. १९२४ मध्ये कार्व्हालोने ‘दमर इस्तोरिक’ ही ऐतिहासिक वास्तूंच्या खासगी मालकांची संस्था स्थापन केली व आपली गढी लोकांना पाहण्यासाठी खुली करून इतरांसही तसे करण्यास प्रवृत्त केले. इ. स. १९३४ मध्ये व्हिलांद्रीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला आणि इ. स. २००० मध्ये ल्वारच्या खोऱ्याचा जो भाग जागतिक वारशाच्या यादीत आला, त्यात तिचा अंतर्भाव आहे. कार्व्हालोच्या वंशजांनी आखणीचे काम चालूच ठेवले, इ. स. २००८ मध्ये त्याच्या टिपणांवरून वरच्या स्तराजवळ ‘सूर्योद्यान’ निर्माण करण्यात आले.

कार्व्हालोने जे मिळविले त्याची किंमतही नोंदविली पाहिजे. बाह्यांगावरील १८ व्या शतकाचे काम व १९ व्या शतकाचा पार्क हे दोन्ही खरे पुरावे होते आणि एका अधिक प्रिय शतकाचे अनुमान उभे करण्यासाठी ते पुसले गेले. जीर्णोद्धारात एका काळाला परत आणणे म्हणजे दुसऱ्या काळाला निरोप देणे होय. हा व्यवहार व्हिलांद्रीपुरता मर्यादित नाही.

म्हणून व्हिलांद्रीच्या उद्यानाला ‘प्रबोधनकाळातील उद्यान’ न म्हणता, ‘प्रबोधनकाळाविषयी विसाव्या शतकाने जमिनीवर लिहिलेला प्रबंध’ म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. इतर प्रबंधांप्रमाणे यातही भक्कम पुरावा आहे, सादृश्यावरून काढलेली अनुमाने आहेत व लेखकाचे पूर्वग्रह आहेत. फरक एवढाच, की कागदावरील प्रबंधात हे तीन घटक तळटीपांनी वेगळे दाखविता येतात. येथे ते एकाच हिरव्या कुंपणाच्या आत शेजारी शेजारी वाढतात आणि वर्षातून दोनदा नव्याने लावले जातात. ते वेगळे करून वाचणे हे इतिहासाभ्यासकाचे काम आहे. ते केल्याने उद्यानाचे सौंदर्य उणावत नाही. उलट ल ब्रतों, कास्तेलान, लोसानो व कार्व्हालो यांपैकी ज्याचे श्रेय ज्याला, ते त्याला मिळते.